मुंडी कुणापुढं

— म्हणजे मेंढी तुझी नव्हेच? थांब, तालाय, परत सांग, आणि जरा मोठ्यानं सांग, हंड्याखाली लाकडं अशी तडतडतायत की मला निम्मं ऐकूच येत नाही. मेंढी ओमुर्झाक साहेबांची, आमदारकीला उभे राहिलेत त्यांची. बरं. मग काल संध्याकाळी गाडीतनं उतरवलीस तेव्हा तोंडात काय धरलं होतंस? तेव्हा म्हणालास, "मामा, एर्मेकच्या आशला माझ्याकडून एक मेंढी" — आणि मला भरून आलं. शेजारचं पोर गेलं, त्याच्या नावानं गाव आशचं जेवण जेवणार, भाच्यानं आठवणीनं मेंढी आणली — तुझ्या मामीला म्हटलं, बघ, माझ्या बहिणीच्या पोटी माणूस जन्मलाय. सकाळी कापली, सोलली, तुकडे केले, हंड्यात टाकली, उकळी फुटली — आणि आता म्हणतोस साहेबांची. आता ती काय उठून गाडीत बसणार आहे? बस खाली. चहा घे. बोरसोक घे, मामीनं पहाटे तळलेत. नको काय नको, मामाच्या घरी येऊन नको म्हणतात होय? आमच्या किरगीझांत उगाच म्हण नाही पडली, भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले. लांडगा निदान मेंढी नेतो. आणून देत नाही.

आणि साहेब स्वतः येणार. दुपारी. वाटेत आहेत. येऊ देत की, मेलेल्याच्या घरी येणाऱ्याला कोण अडवतंय, बसावं, दोन घास खावेत, हात वर करून दुवा मागावी आणि जावं. पण तुझं तेवढ्यावर कुठं भागतंय — तुला ते वरच्या अंगाला बसायला हवेत आणि मुंडी त्यांच्यापुढं यायला हवी. म्हणून मला धरलंस. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून या गावात कुणापुढं कुठलं हाड ठेवायचं ते मी ठरवतो — लग्न असो, मयत असो, म्हाताऱ्यांना खुब्याचं, माहेरी आलेल्या लेकीला शेपटाकडचं, पोराटोरांना नळ्या, आणि मुंडी एकाला. कादिरालीनं मुंडी ज्याच्यापुढं ठेवली तो मोठा, त्यावर कुणी तोंड उघडत नाही. आणि उद्या मतदान. आज सगळं गाव बघणार मुंडी कुणापुढं आहे, उद्या टॉवेलएवढी मतपत्रिका घेऊन पडद्यामागं जाणार, तो टॉवेल वाचत बसतो कोण — मुंडी ज्याच्यापुढं त्याच्यापुढं खूण, की सुटले. वा रे भाच्या. कायद्यानं प्रचार काल संध्याकाळीच बंद झाला ना? शाळेच्या भिंतीवरची पोस्टरंसुद्धा खरवडलीत तुम्ही, मी बघितलं. पण मटणाला प्रचार कोण म्हणणार. ही अक्कल कुणाची, साहेबांची? — तुझीच. वाटलंच मला. त्यांचं डोकं ट्रकांत नि कोळशात, त्यांना हाडं काय कळतात.

जरा सरक, फेस काढतो. तुझं ते जॅकेट सांभाळ, नवीन दिसतंय. मार्चमध्ये निळं होतं, नाही का? पाठीवर त्या पळून गेलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाचं चिन्ह होतं, हे एवढं मोठं. आता हिरवं. नाही, मी काही म्हणत नाही, वारा येईल तशी पाठ फिरवावीच लागते, थंडी आपल्यालाच वाजते — मी फक्त रंग बघतो. तुझ्या मामीला किती सांगायचं — सायरा! आता लाकडं घालू नकोस ग, मटण हाडापासनं सुटेल! सुटलं की वाटायचं काय, लगदा? बस म्हटलं ना तालाय, तू का उठतोस, मी उठलो म्हणून तू उठायचं नाही. माझं आज असंच चाललंय. सकाळपासनं बूड टेकत नाही. तीनदा सुरीला धार लावली. तुझी मामी म्हणाली, त्या सुरीचा आता दाभण व्हायचा राहिलाय.

तुला मेमधलं ठाऊक असेलच, तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे, हसतात लोक. नाही? खालच्या आळीत लग्न होतं. जुना तालुकाप्रमुख आलेला, इतकी वर्षं मुंडी त्यालाच देत होतो, ठेवली त्याच्यापुढं. बसलेले सगळे माझ्याकडं बघायला लागले — कारण त्याला सकाळीच राजधानीतनं फोन आला होता की तू आता प्रमुख नाहीस. हे सगळ्यांना ठाऊक, मला सोडून, मी पहाटेपासून हंड्यापाशी. राजधानीनं नेमलेला नवा तिथंच बसलेला, चहात बोरसोक बुडवत. आणि त्याच्या पलीकडं तिसरा, ज्याला पोरांनी कचेरीच्या खिडकीत उभा करून ओरडून ओरडून प्रमुख केला होता. एका दस्तरखानावर तीन प्रमुख आणि मुंडी एक. मी काय केलं असेल? उचलली. जुन्यापुढनं उचलून ज्याची टोपी चांगली होती त्याच्यापुढं ठेवली. बस. चहाची किटली पहिल्यांदा फुटली, मग नाकं. नवरी मधल्या मधे रडायला लागली. माणूस दारात आला की त्याच्या चपलांवरनं मला कळायचं कोण कुठं बसणार. आता कुणीही आत आलं तरी वाटतं, हा असेल का? का तो मागचा?

पाच वर्षांपूर्वीही हाकललाच होता की एक, आठवतंय? तू शाळेत असशील. तेव्हाही आम्ही रस्त्यावर येऊन नाचलो. पुढचा आला, म्हणाला आता घराणेशाही नाही, आता तुमचं राज्य. म्हटलं दगडापेक्षा वीट मऊ. आणि विटेचं काय झालं ते बघितलंसच तू, निळं जॅकेट घालून बघितलंस. चौकाचौकात स्वतःचा फोटो, खाली लिहिलेलं, राष्ट्रपिता. म्हणून मी म्हणतो, आता तिसरा आला की तो काय वेगळ्या मातीचा असणार आहे? नव्याचे नऊ दिवस. माझ्या उभ्या आयुष्यात, तालाय, खुर्चीवर बसलेला माणूस आपण होऊन उठलेला मी पाहिलेला नाही. मेला तर उठला, नाहीतर पळाला. मला एकदा, मरायच्या आधी, हरलेला माणूस बघायचाय — हरला, टोपी घातली, घरी गेला, बायकोला म्हणाला चहा टाक. एवढंच. फार मागतोय का मी?

हंड्यात किती मुंड्या आहेत बघ. वाफ जाऊ दे, आता वाक. दोन. डावीकडची तुझ्या साहेबांची, काळ्या तोंडाची. उजवीकडची बुरमाकानची, एर्मेकच्या आईची. ती एर्मेकनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, तिची आई बर्फात मेली होती. बुरमाकाननं काल स्वतः दोरी धरून आणली माझ्याकडं, म्हणाली, कादिराली काका, हिला दुसऱ्या कुणाच्या हाताखाली देऊ नका. हसू नकोस. — नाही हसलास, बरं, मला वाटलं. पोटच्या पोराला एप्रिलच्या उठावात छतावरनं गोळी घातली राष्ट्रपित्याच्या शिपायांनी. एकोणीस वर्षांचं पोर. निशाण धरून सुद्धा नव्हतं रे उभं, पाण्याच्या बाटल्या वाटत होतं. त्याचे चार दोस्त त्याला घेऊन आले, बेकरीच्या गाडीतनं, खिंड चढून, बाहेर बर्फ — दार उघडलं तर आतनं पावाचा वास आला. माझ्या नाकातनं तो वास जात नाही. मी अजून पाव खात नाही.

या पोराला दर जेवणाला कान मीच द्यायचो. तुलाही दिलाय लहानपणी, आठवत नसेल — मुंडीचा कान कापून लहानग्याला देतात ना, मोठ्यांचं ऐक म्हणून. एर्मेक तर माझ्या मांडीला चिकटूनच बसायचा, कान मिळेपर्यंत हलायचा नाही. खाल्ले एवढे कान, आणि ऐकलं? "एर्मेक, राजधानीला जाऊ नकोस, तिथं आपलं कोण आहे?" मीच म्हणालो होतो, याच फाटकात. "येतो काका दोन दिवसांत," म्हणाला. नाही ऐकलं. ऐकलं असतं तर आज तुझ्या शेजारी बसून चहा प्याला असता. आणि — हे मी रात्ररात्र घोकतोय, तुला म्हणून सांगतो — त्या सगळ्यांनीच ऐकलं असतं तर तो राष्ट्रपिता अजून तिथंच असता, आणि तू निळ्या जॅकेटात. मग कान देऊन मी बरं करत होतो की वाईट? सांग. तुला काय विचारतोय म्हणा.

बुरमाकानला काय हवंय ते ऐकायचंय तुला? सकाळी आली, तू आज परत यायच्या आधी, अशी तिथं दाराला टेकून उभी राहिली. म्हणाली, मुंडी पाहुण्यापुढं नको, आमदारकीला उभ्या राहिलेल्यापुढं नको, म्हाताऱ्यापुढं नको. उलारबेकपुढं ठेवा. उलारबेक, तो घोडे राखणारा, लांब हातांचा — ज्यानं एर्मेकला गाडीतनं उतरवलं. बावीस वर्षांचं पोरगं! नळीचं हाड मिळायचं वय. मी म्हटलं, बाई, रीत आहे की नाही काही? बाप जिवंत असताना पोरगा मुंडीला हात लावत नाही. तर म्हणते, उलारबेकचा बाप कुठाय? आता हे खरंय, बाप रशियाला बांधकामावर गेला तेव्हा पोराचे दुधाचे दात होते, मेल्याची बातमी नाही, जिवंत असल्याचा पत्ता नाही. आणि म्हणते, काका, देशाचा बाप तर विमानात बसून पळाला, पळालेला बाप जिवंत धरायचा की मेलेला? ती गेल्यावर मुल्लाकडे गेलो विचारायला. तो म्हणाला कादिराली, नमाजाचं विचार, हाडांचं मला विचारू नकोस.

अन् मी त्या उलारबेकला नि त्याच्या जोडीच्या पोरांना घाबरतो, तालाय. हे बाहेर बोलू नकोस. एप्रिलमध्ये त्यांनी जे केलं ते केलं, आपल्याच्यानं झालं नसतं, पण त्यानंतर? मुख्याध्यापक आवडला नाही, चला शाळेला कुलूप. वाळूचा ठेका आवडला नाही, चला रस्त्यावर टायर जाळा. कचेरी तीनदा ताब्यात घेतली, तिसऱ्यांदा का घेतली ते त्यांनाच आठवेना. एकदा दार लाथेनं उघडता येतं असं कळलं की कडी वाजवायची कुणाला सुचतं? अशांपुढं मुंडी ठेवायची म्हणजे — हेच मी बुरमाकानला म्हणालो, उद्या डोक्यावर बसतील. तर ती म्हणाली — थांब, तिचेच शब्द सांगतो — "काका, बसतील तरी. एप्रिलपासनं ती पोरं बसलेली नाहीत. मुंडी पुढं आली की सुरी हातात घ्यावी लागते, सगळ्यांना कापून द्यावं लागतं, जीभ कुणाला, डोळा कुणाला, दुवा होईपर्यंत उठता येत नाही, आणि आपल्या वाट्याला कवटी उरते. हिसकावणं त्यांना आलं. वाटणं कोण शिकवणार? तुमचा तो साहेब?" — तुमचा म्हणजे तुझा. माझा कोण लागतो तो.

काय? नाही, आहे माझ्या लक्षात. साहेब निवडून आले की मी ज्येष्ठांच्या न्यायसभेचा प्रमुख. काल रात्री सांगितलंस तू. साहेब खरंच म्हणाले का, की हे पण तुझ्याच डोक्यातनं? म्हणाले. कादिराली म्हणून नाव घेऊन म्हणाले? "तुझे मामा" म्हणाले. म्हणजे नाव ठाऊक नाही त्यांना. नाही, सहज विचारलं. मला काय करायचीय न्यायसभा, गुडघे धरतात, कचेरीत शेकोटी नसते. आता तुझी मामी सांगेल तुला की मी काल रात्री पेटीतनं पांढरी टोपी काढून झटकली, तर ती आजच्या आशसाठी काढली होती. कसर लागलीय का बघत होतो. डोक्यावर घातली एकदा, आरशात बघितलं, ठेवली. माणसानं आपल्याच घरात टोपी घालू नये की काय?

वाजू दे तुझा फोन. खिंड उतरले? मग येतीलच आता तासाभरात.

कसला हक्क? — अच्छा. हे होतं होय पोटात. भाच्याचा हक्क मागतोस. आजोळच्या उंबऱ्याच्या आतलं भाच्यानं काहीही मागावं, मामानं नाही म्हणू नये, म्हटलं तर सात पिढ्या तोंड दाखवायला जागा नाही. माझा घोडा माग, देतो. भिंतीवरचा गालिचा माग, तुझ्या आईच्या लग्नातला आहे. टोपी माग, नवीच आहे. नको? मुंडीच पाहिजे? तालाय, तुझी आई असती ना तर तिनं हा झारा तुझ्या डोक्यात घातला असता. हक्क म्हणून तुला मामाकडनं मागायचं होतं ते हे. आणि मी नाही म्हणू शकत नाही हे तुला ठाऊक, म्हणून शेवटपर्यंत दाबून ठेवलंस — मामाला मामा बनवायचं तर भाच्यानंच.

सगळं नाही सांगितलं मी तुला. मघाशी म्हणालो ना, बूड टेकत नाही — ते मेमधल्या लग्नामुळं नाही, पोरांमुळंही नाही. बुरमाकान जाता जाता दारात वळली. म्हणाली, मुंडी उलारबेकपुढं ठेवा, त्याला सुरी द्या, आणि तो पहिला कान कापेल तो तुम्ही घ्या, काका. तुम्ही खायचा. सगळ्यांसमोर. — ऐकलंस? मी! नातवंडं झालेला माणूस, गावाला हाडं वाटणारा, मी लेकरासारखा ओंजळ पुढं करायची आणि त्या घोडेवाल्या पोराकडनं कान घ्यायचा! मी म्हटलं, बुरमाकान, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? चिडलो. ओरडलो तिच्यावर, आज, तिच्या पोराच्या आशच्या दिवशी. ती ओरडली नाही. म्हणाली, "माझ्या एर्मेकनं तुमच्या हातचे इतके कान खाल्ले. तुम्ही त्याचा एक खाल्ला तर काय बिघडेल?" आणि गेली. तेव्हापासनं मी या हंड्याभोवती फिरतोय. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही, घोंगडं भिजत ठेवलंय. आणि तू दारात आलास, खरं सांगतो, तू मुंडी साहेबांना मागितलीस तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. सुटलो म्हटलं. साहेबांपुढं ठेवली की कान साहेब कापणार, कुणातरी लेकराला देणार, गाव जेवणार, नेहमीसारखं, आणि मला — मला तो खायला लागणार नाही.

असं वाटलं मला. भाच्यापुढं बोलून बसलो.

ते फडकं दे. मोठं, ते जाड. झारा धर — नको, तू भाजशील, मीच काढतो. हं. ही काळ्या तोंडाची. नीट शिजलीय, जबडा सुटायला आलाय. धर. दोन्ही हातांनी धर, मान वाकवू नको तिची, रस्सा जॅकेटवर येईल — आला. असू दे, मेंढीची चरबी आहे, हिरव्यावर दिसत नाही. ही तुझी. भाच्यानं हक्कानं मागितली, मामानं दिली, कादिरालीनं बहिणीच्या पोराला रिकाम्या हातानं लावलं असं कुणी म्हणायला नको. पण माझ्या उंबऱ्याच्या आतनं दिली आणि तुझ्या हातात दिली. तिकडं रस्त्यापलीकडं बुरमाकानच्या अंगणात कुणापुढं काय ठेवायचं ते माझ्या घरातलं नाही, ते तुला मागता येणार नाही आणि मला देता येणार नाही. सायरा! ए सायरा, हात पूस आणि बुरमाकानकडं जा, सांग, हो म्हणाले. फक्त एवढंच सांग, तिला कळेल. रडायला लागलीस तर जाऊ नकोस, थांब, आधी डोळे पूस.

साहेबांना म्हणावं, या. जेवा. वयाप्रमाणं हाड मिळेल, रांगेत जागा मिळेल, दुवा मागा. आणि उद्या पडले तर परवा माझ्याकडं चहाला या म्हणावं, मनापासनं सांगतोय, बोरसोक करायला लावतो. निवडून आले तरी या, पण पडले तर नक्की या. तुलाही सांगतो, तिसरं जॅकेट घ्यायच्या आधी ये.

जा आता, ते फाट्यावर येऊन थांबले असतील. मुंडी पुढच्या सीटवर ठेव, मागं ठेवलीस तर वळणावर घरंगळेल. कान दोन्ही जागेवर आहेत, मी कापले नाहीत. एक साहेबांना दे. दुसरा तू खा, आणि गरम आहे तोवर खा, गार झाला की कान चामड्यासारखा होतो, पोरांना चावत नाही, म्हाताऱ्यांना तर — ते संध्याकाळी गाव सांगेलच तुला. फाटक लावून जा, कुत्रा तुझ्या मागं लागेल.